डॉ. रखमाबाई आणि त्यांच्या पाठीशी उभी राहिलेली माणसे



२०१९-२१ या काळात देशभर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले. वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांना त्यात त्यांच्या लग्नाच्या वेळचे वय विचारले होते. महाराष्ट्रात शंभरातल्या सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे दिसले. आपल्या परभणी जिल्ह्यात हा आकडा ४८ निघाला, म्हणजे जवळजवळ निम्म्या. राज्यातल्या दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात तो इतका नव्हता.

मुलांवरचा अत्याचार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोणीतरी अनोळखी वाईट माणूस येतो. तशी माणसे असतात आणि त्यांच्यापासून मुलांना जपलेच पाहिजे. पण आपल्या भागात लेकरांवर होणारा सर्वांत मोठा अन्याय मांडव घालून, पत्रिका छापून आणि पंगती उठवून होतो. आपण त्याला जेवायला जातो, आहेरही करतो. म्हणून या रविवारी अशा एका बाईंचे चरित्र सांगायचे आहे, ज्यांचे स्वतःचे लग्न अकराव्या वर्षी लावून दिले होते. त्यांचे नाव डॉ. रखमाबाई. अनेकांना त्या जुन्या काळातल्या पहिल्या काही डॉक्टरीणबाईंपैकी एक म्हणून माहीत असतात. पण डॉक्टर होण्याच्या आधीची त्यांची गोष्ट आपल्या गावांच्या जास्त कामाची आहे.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. आई जयंतीबाई, वडील जनार्दन पांडुरंग. रखमा जेमतेम अडीच वर्षांची असताना वडील वारले. आई त्या वेळी सतरा वर्षांची होती. सतराव्या वर्षी विधवा आणि पदरात अडीच वर्षांची मुलगी, यावरून आईचे लग्न कोणत्या वयात झाले असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. जनार्दन पांडुरंगांची मालमत्ता पुढे मुलीच्या नावावर झाली. या मालमत्तेचा संबंध गोष्टीत पुढे येणार आहे.

सुतार समाजात विधवेचे दुसरे लग्न होऊ शकत असे. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले नावाजलेले डॉक्टर होते. झाडाझुडपांचा त्यांचा अभ्यास मोठा होता. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत दोन भारतीय होते, त्यांतले हे एक. असा शिकलेला, सुधारक विचारांचा माणूस घरात असूनही रखमाचे लग्न अकराव्या वर्षी झालेच. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस-वीस वर्षांचा, सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला. शिक्षणामुळे बालविवाह आपोआप थांबतो असे आपण नेहमी म्हणतो. या घराकडे पाहिले की तसे म्हणवत नाही. शिकलेली माणसेही रीतीपुढे मान तुकवतात. आजोबा, आई, नातेवाईक, जातभाई सगळे जे करतात ते एकट्याने मोडणे सोपे नसते.

लग्नात एक बोलणे झाले होते. दादाजीने सासऱ्याच्या घरी घरजावई म्हणून राहायचे, शाळेत जायचे आणि शिकून चांगला माणूस व्हायचे. लग्नानंतर सहा-सात महिन्यांत रखमा वयात आली. त्या काळच्या रीतीप्रमाणे आता गर्भाधानाचा विधी करून मुलीला नवऱ्याच्या स्वाधीन करायचे होते. येथे सखाराम अर्जुन यांनी नकार दिला. इतक्या लहान शरीरावर संसार लादला तर काय होते हे डॉक्टर म्हणून त्यांना माहीत होते. लग्न त्यांना थांबवता आले नव्हते, पण पुढची पायरी त्यांनी थांबवली.

दादाजीचे शाळेत मन रमले नाही. त्याची आई वारली आणि तो मामाकडे, नारायण धुरमाजी यांच्याकडे राहायला गेला. त्या घरचे वातावरण चांगले नव्हते. अंगावर कर्ज झाले. बायको घरी आली की तिची मालमत्ताही येईल, ही आशा त्याच्या मनात होती असे रखमाबाईंच्या बाजूचे म्हणणे. दादाजीचे म्हणणे उलटे होते. मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून सासरचे लोक मुलीला पाठवत नाहीत, असे त्याने पुढे छापून प्रसिद्ध केले. दोघांचे म्हणणे काहीही असो, बारा वर्षांच्या मुलीने त्या घरी जायला नकार दिला आणि सावत्र वडील तिच्या पाठीशी उभे राहिले.

इथे थोडे आपल्याकडे वळू. गंगाखेड, पालम, सोनपेठ या बाजूची कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्याच्या हिशेबाने मुकादम उचल देतो. मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की आईबापांपुढे प्रश्न येतो. फडावर न्यावी तर उसाच्या पाल्याच्या खोपीत, उघड्यावर, तिची अब्रू सांभाळायची कशी? गावी ठेवावी तर सहा महिने म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवायची कशी? मग लग्न लावून दिले की जबाबदारी सुटली असे वाटते. शिवाय लग्न झाले की नवे जोडपे, म्हणजे नवा कोयता आणि नवी उचल. या आईबापांना राक्षस म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. पण ते लेकीला जपायच्या धडपडीतच तिचे नुकसान करून बसतात. गावात त्या सहा महिन्यांसाठी तिला सुरक्षित ठेवणारी जागा असती, हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले असते, शेजारच्या घराने तिला आपली म्हटले असते, तर त्यांतल्या कितीतरी जणींचे लग्न त्या वर्षी झाले नसते. रखमाच्या घरात नाही म्हणणारा एक डॉक्टर होता. आपल्या तांड्यावर आणि वस्तीवर तो कोण असणार?

रखमाची शाळा लग्नामुळे सुटली होती. पण शिकण्याची ओढ सुटली नाही. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून ती घरीच वाचत असे. इंग्रजीही तशीच शिकली. प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना ती जाऊ लागली. तिथे तिच्यासारख्याच शिकू पाहणाऱ्या बायका भेटल्या. आपले दुःख आपल्या एकटीचे नाही, हे तिला तिथे कळले असावे.

मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत पत्र पाठवले की माझ्या बायकोला माझ्या घरी पाठवा. नकार आल्यावर त्याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. रखमाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. लहानपणी त्यांच्या संमतीशिवाय झालेले लग्न, नवऱ्याबरोबर एक दिवसही संसार नाही, आणि आता कोर्टाने हुकूम द्यावा की जा. असा हुकूम मागण्याची पद्धत मूळची इंग्लंडच्या कायद्यातली, ती इथे आणून लावली होती.

दावा चालू असतानाच १६ एप्रिल १८८५ रोजी सखाराम अर्जुन वारले. घरातला सर्वांत मोठा आधार गेला. एखादी मुलगी तिथेच खचली असती. रखमाबाईंनी त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियामध्ये एक हिंदू स्त्री या टोपणनावाने दोन पत्रे लिहिली. बालविवाहाने मुलीची शाळा कशी तुटते, मन कसे खुरटते, आणि वडीलधाऱ्यांच्या चुकीचे ओझे तिने जन्मभर का वाहायचे, असा त्या पत्रांचा आशय होता. लिहिणारी कोण हे लवकरच सगळ्यांना समजले.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. अजाण वयात लग्न लावून दिलेल्या स्त्रीला, ती सज्ञान झाल्यावर तिच्या मनाविरुद्ध अशा माणसाकडे पाठवणे त्यांना न्यायाचे वाटले नाही. त्यांनी दावा फेटाळला. देशभर गदारोळ झाला. इंग्रज न्यायाधीश आमच्या धर्मात ढवळाढवळ करतात असे अनेकांना वाटले. लोकमान्य टिळकांनीही केसरी आणि मराठा या पत्रांतून रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली. टिळकांचे देशासाठीचे काम थोर आहे, पण या प्रश्नात ते त्या मुलीच्या बाजूला नव्हते हे सांगितलेच पाहिजे. मोठ्या माणसांचे मोठेपण मान्य करूनही असे सांगता येते.

दादाजीने अपील केले. वरच्या न्यायाधीशांनी निकाल फिरवला आणि खटला पुन्हा चालला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी नवऱ्याकडे जावे, न गेल्यास सहा महिन्यांची कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या.

कायदा त्यांच्या विरुद्ध होता, वर्तमानपत्रे विरुद्ध होती, जातीतले लोकही विरुद्ध होते. तरी त्या टिकल्या, कारण भोवती थोडी माणसे होती. आई आणि आजोबा घरात होते. न्यायमूर्ती होण्याआधीचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग वकील म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहिले. बेहरामजी मलबारी हे पारशी पत्रकार लेखणी घेऊन उभे राहिले. बालविवाहाविरुद्ध त्यांनी १८८४ सालीच टिपणे प्रसिद्ध करून सरकारला जागे करायचा प्रयत्न केला होता. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्सवर्थ आले. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची आल्या. खटल्याच्या मदतीसाठी एक समिती उभी राहिली. वेगवेगळ्या धर्मांची ही माणसे एका सुताराच्या लेकीसाठी एकत्र आली. कोणी पैसे दिले, कोणी कायद्याचे ज्ञान दिले, कोणी केवळ तिच्या घरी येऊन बसले असतील. पंडिता रमाबाईंनीही याच सुमारास अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात रखमाबाईंची हकिकत जगापुढे मांडली.

शेवटी इंग्लंडच्या राणीने हे लग्न मोडले, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. प्रत्यक्षात प्रकरण मिटले ते तडजोडीने. जुलै १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन हुकूम बजावण्याचा हक्क सोडला. त्याने पुढे दुसरे लग्न केले. रखमाबाई मोकळ्या झाल्या, पण पैसे मोजून, न्याय मिळून नव्हे.

आता थोडा आजचा कायदा पाहू, कारण रखमाबाईंच्या वेळी जे नव्हते ते आता आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ सालचा आहे आणि तो आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनाही तितकाच लागू होतो. मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस वर्षांचा नसेल तर तो बालविवाह. सज्ञान नवरा मुलगा, लग्न लावणारा, ठरवणारा, पालक आणि जाणूनबुजून त्यात भाग घेणारा, अशा सर्वांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. स्त्रियांना मात्र या कायद्याखाली कैद होत नाही. लग्न होणार असे आधी कळले तर मॅजिस्ट्रेट मनाईहुकूम देऊ शकतात, आणि तो मोडून लावलेले लग्न लग्नच ठरत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लहानपणी लग्न लावलेल्या मुलीला ते रद्द करून मागता येते. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत, म्हणजे विसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत, तिला हा अर्ज करता येतो. दादाजीचे पत्र आले तेव्हा रखमाबाई एकोणीस वर्षांच्या होत्या. हा कायदा असता तर त्याच कोर्टात त्यांनीच आधी अर्ज केला असता.

पण विसाव्या वर्षाच्या आत कोर्टापर्यंत जाणारी मुलगी आपल्या गावात किती जणांनी पाहिली आहे? म्हणून काम गावातच करावे लागते, आणि तेही लग्नाच्या आधी. त्यासाठी व्यवस्था ठरवून दिलेली आहे. प्रत्येक गावात बालसंरक्षण समिती असायची आहे. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडीताई तिच्या सचिव. खेड्यात बालविवाह रोखण्याचा अधिकार ग्रामसेवकांना, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, दिलेला आहे. आशाताई, शाळेचे गुरुजी, पोलीस पाटील यांनी मदत करायची. कागदावर हे सगळे चांगले आहे. अडचण अशी की सरपंचांना पुढची निवडणूक दिसते, पोलीस पाटील नवऱ्याकडच्यांचे भावकीतले असतात, आणि अंगणवाडीताईंना उद्या त्याच गल्लीतून जायचे असते. तक्रार कोणी केली हे फुटले तर त्या घरचे पाणी तोडतात. समितीच्या पाठीशी गावातली आठ-दहा घरे उघडपणे उभी राहिली तरच ती समिती काम करू शकते. एकट्या अंगणवाडीताईंवर सोडून दिली तर ती रजिस्टरमध्येच राहते.

१०९८ हा लहान मुलांच्या मदतीचा फोन आहे. पैसे लागत नाहीत, रात्रीही चालतो, आणि फोन करणाऱ्याचे नाव सांगितले जात नाही. हा नंबर मुलींना पाठ असावा. मांडववाले, वाजंत्रीवाले, आचारी, फोटोवाले यांना लग्नाची तारीख सर्वांत आधी कळते. ऑर्डर घेताना त्यांनी वयाचा दाखला मागितला तर अर्धी लग्ने तिथेच अडतील. आपल्या चर्चमध्ये लग्नाआधी बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, त्यावर जन्मतारीख असते, आणि रविवारी मिस्साच्या वेळी नावे वाचून दाखवतात ती काही अडचण असल्यास सांगता यावी म्हणूनच. कित्येकांना ही नुसती रीत वाटते. पण चर्चमध्ये जमणार नाही म्हणून बाहेरगावी नेऊन उरकलेली लग्ने आपल्यालाही ठाऊक असतात, आणि त्या वेळी आपण गप्प बसतो.

रखमाबाईंकडे परत येऊ. १८८९ साली त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. डॉ. पीचींनी त्यांना ही वाट दाखवली, शिवाजीराव होळकर महाराजांनी पाचशे रुपये दिले, आणि लंडनमध्ये मॅक्लारेन पतिपत्नींनी त्यांना घर दिले. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. परत आल्यावर सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाचा भार त्यांनी घेतला आणि दोन दशकांहून अधिक काळ तिथे काम केले. प्लेगच्या साथीत केलेल्या सेवेबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९१८ च्या सुमारास त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या आणि १९३० च्या आसपास निवृत्त होऊन मुंबईला परतल्या. आयुष्याची पस्तीसेक वर्षे त्यांनी बायका आणि बाळंतिणींच्या खाटांजवळ काढली. त्या काळात बाळंतपणाला येणाऱ्या कितीतरी जणी स्वतःच लेकरे असत.

१९०४ साली दादाजी वारला. ही बातमी आल्यावर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे पातळ नेसायला सुरुवात केली आणि ते शेवटपर्यंत सोडले नाही. ज्या लग्नाला लग्न मानायचे नाही म्हणून तुरुंगात जायची तयारी केली, त्याच माणसासाठी हे पातळ. असे त्यांनी का केले यावर अभ्यासक आजही बोलतात. मला यात विरोध दिसत नाही. कोर्टापुढे वाकायचे नाही हे त्यांनी ठरवले तसे हेही त्यांचे त्यांनीच ठरवले असणार. पुन्हा लग्न मात्र त्यांनी केले नाही.

त्यांच्या खटल्याने जे वादळ उठले ते वाया गेले नाही. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा खटला गाजला. नवऱ्याच्या बळजोरीने ती मरण पावली होती. १९ मार्च १८९१ रोजी संमतिवयाचा कायदा झाला आणि वय दहावरून बारावर गेले. रानडे, भांडारकर, आगरकर त्या बाजूचे, टिळक विरुद्ध. पुढे १९२९ साली शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले. हे दोन्ही कायदे इंग्रजांच्या हद्दीपुरते होते. परभणी निजामाच्या राज्यात होती, तेव्हा आपल्या पणज्यांपर्यंत ते पोहोचले नाहीत.

१९२९ सालीच रखमाबाईंनी बुरखापडद्याच्या चालीविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. त्या वेळी त्यांचे वय चौसष्ट होते.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला होता. त्यात मुलीच्या लग्नाचे वय पंधरा ठेवले होते. ते अठरा व्हायला १९७८ साल उजाडले.